शून्य म्हणजे सगळे, शून्य म्हणजे एकही नाही

निक्स या पॅकेज मॅनेजरच्या मॅन्युअलमध्ये पाच ओळींचा एक तक्ता आहे. २४ कोअरचा संगणक गृहीत धरायचा, दोन पर्यायांना वेगवेगळे आकडे द्यायचे आणि त्या संगणकावर एका वेळी जास्तीत जास्त किती प्रक्रिया धावतील ते पाहायचं, एवढंच त्यात आहे. पहिल्या ओळीतलं उत्तर २४ आहे. शेवटच्या ओळीतलं ५७६.

मजा अशी की या तक्त्यात नवीन माहिती जवळजवळ नाहीच. दोन्ही पर्यायांच्या व्याख्या त्याच मॅन्युअलमध्ये दुसरीकडे दिलेल्या आहेत आणि त्या अचूकही आहेत. त्या वाचून कुणालाही गुणाकार करता आला असता. पण कुणी करत नाही. माणूस व्याख्या वाचतो, ‘कळलं’ म्हणतो, आकडा टाकतो आणि थोड्या वेळानं संगणक माउसच्या हालचालीलाही दाद देईनासा होतो. पर्यायांचं डॉक्युमेंटेशन नेमकं कुठे कमी पडतं हे समजून घ्यायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. उबुंटूवर ऍप्टनं एखादा प्रोग्रॅम उतरवून घेतला की तो लगेच चालतो, कारण कुणीतरी, कुठल्यातरी सर्व्हरवर, तो आधीच कंपाइल करून ठेवलेला असतो. माणसानं लिहिलेला सोर्स कोड यंत्राला कळेल अशा रूपात आणायचा, लागणाऱ्या लायब्रऱ्या जोडायच्या, चाचण्या चालवायच्या आणि सगळ्याचं एक पॅकेज बांधायचं, या साऱ्याला मिळून ‘बिल्ड’ म्हणतात. बहुतेक पॅकेज मॅनेजर हे काम आपल्या नजरेआड ठेवतात. जेंटू लिनक्सचं उलटं आहे: तिथे पॅकेज आपल्याच संगणकावर बिल्ड करायचं ही रीत. (डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूनं तयार पॅकेजंही मोठ्या प्रमाणात द्यायचं जाहीर केलं, पण जेंटू वापरणाऱ्याला कंपायलरच्या ओळी सरकताना पाहण्यातच सुख असतं, त्याला कोण काय करणार?)

निक्स या दोघांच्या मधलं. नेदरलंड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रानं पीएच.डी.साठी केलेल्या कामातून ते उभं राहिलं, प्रबंध २००६चा. पॅकेज कसं बनतं याची संपूर्ण कृती लिहून काढायची, म्हणजे सोर्स कुठला, कंपायलर कुठला, लायब्रऱ्या कुठल्या, आज्ञा कुठल्या, आणि त्या सगळ्यावरून एक हॅश काढायचा. त्या हॅशचं पॅकेज सर्व्हरवर तयार असेल तर उतरवून घ्यायचं, नसेल तर तिथल्या तिथे बिल्ड करायचं. गीक्स हे ग्नू प्रकल्पातलं पॅकेज मॅनेजर याच घराण्यातलं. परिणाम असा की निक्स वापरणारा महिनोन्‌महिने तयार पॅकेजं घेत सुखात असतो आणि मग एखाद्या दिवशी हवं ते पॅकेज सर्व्हरवर सापडत नाही. त्या दिवशी त्याची बिल्डच्या पर्यायांशी पहिली गाठ पडते, आणि ती सहसा घाईत पडते.

आता ते दोन पर्याय. ‘मॅक्स-जॉब्स’ सांगतो की एका वेळी जास्तीत जास्त किती पॅकेजं बिल्ड करायची. ‘कोअर्स’ सांगतो की एकेका पॅकेजच्या बिल्डला किती कोअर वापरू द्यायचे. लग्नाच्या स्वयंपाकात आचारी हेच दोन निर्णय घेतो: एका वेळी किती पदार्थ चढवायचे आणि पदार्थामागे किती माणसं लावायची. बारा पदार्थ ठीक वाटतात. पदार्थामागे सहा माणसंही ठीक वाटतात. पण मुदपाकखान्यात माणसं चोवीसच असताना हे दोन ‘ठीक’ एकत्र आले की बहात्तर माणसांचं काम काढलं जातं. तक्त्यातली मधली ओळ हीच आहे: मॅक्स-जॉब्स १२, कोअर्स ६, प्रक्रिया ७२.

बाकीच्या ओळीही पाहण्यासारख्या आहेत. मॅक्स-जॉब्स १ आणि कोअर्स २४ ठेवले तर एकावेळी एकच पॅकेज सगळा संगणक घेऊन बसतं. गर्दी होत नाही, पण त्या पॅकेजला चोवीस कोअर वापरताच येत नसतील तर बाकीचे रिकामे राहतात. ४ आणि ६ ठेवले तर चार पॅकेजं, प्रत्येकी सहा कोअर. बेरीज बरोबर २४. २४ आणि १ ठेवले तर चोवीस पॅकेजं प्रत्येकी एका कोअरवर. इथेही गर्दी नाही, पण एखादं मोठं पॅकेज वाट्याला आलं तर ते त्या एका कोअरवर रांगत राहतं आणि त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजं खोळंबतात. आणि शेवटची ओळ: मॅक्स-जॉब्स २४, कोअर्स ०. उत्तर ५७६.

शून्याला चोवीसनं गुणून ५७६ कसे आले? कारण ‘कोअर्स’ या पर्यायात शून्याचा अर्थ ‘असतील तेवढे सगळे’ असा आहे. सॉफ्टवेअरच्या जगात हा संकेत जुना आहे. ‘मर्यादा नाही’ हे सांगायला शून्य वापरणारे पर्याय ढिगानं सापडतील. अडचण वेगळीच आहे. ‘मॅक्स-जॉब्स’ मध्येही शून्य चालतं, आणि तिथे त्याचा अर्थ शब्दशः शून्य: या संगणकावर काहीही बिल्ड करू नका, सगळं काम दुसऱ्या यंत्रांकडे पाठवा. एकमेकांना चिकटून वापरले जाणारे दोन पर्याय, दोन्हींना शून्य चालतं, आणि एकात शून्य म्हणजे सगळे तर दुसऱ्यात शून्य म्हणजे एकही नाही. गीक्समध्येही हेच आहे; वारसा म्हटला की सद्‌गुणांबरोबर बाकीचंही येतं. शिवाय निक्समध्ये या दुसऱ्या शून्यालाही अपवाद आहे. ज्या पॅकेजच्या कृतीतच ‘मला इथेच बिल्ड करणं बरं’ असं लिहिलेलं असतं ते पॅकेज मॅक्स-जॉब्स शून्य असतानाही इथेच बिल्ड होतं. हा अपवाद मॅन्युअलमध्ये नोंदवलेला आहे, पण तो वाचायची गरज पडते ती बहुतेकांना अपवाद घडून गेल्यावर.

दोन्ही व्याख्या एकेकट्या वाचल्या तर यातलं काहीच खटकत नाही. आणि त्या एकेकट्याच वाचल्या जातात, कारण संदर्भसूचीत पर्याय वर्णानुक्रमानं लावलेले असतात. इंग्रजी वर्णमालेत ‘सी’ आणि ‘एम’ यांच्यात जेवढं अंतर आहे, तेवढ्या अंतरावर या दोघांच्या नोंदी आहेत आणि मध्ये दुसऱ्या पर्यायांची गर्दी आहे. वर्णानुक्रम ही फार प्रामाणिक व्यवस्था आहे, पण ज्याला नाव आधीच माहीत आहे त्याच्यासाठी. नवख्याला नाव माहीत नसतं. त्याला फक्त संगणक लवकर चालायला हवा असतो.

पेच आणखी एका जागी आहे. ‘मॅक्स-जॉब्स’ ला आकड्याऐवजी ‘ऑटो’ असंही लिहिता येतं. म्हणजे संगणकात जेवढे कोअर तेवढी पॅकेजं. ‘ऑटो’ या शब्दात एक आश्वासन असतं: तुम्ही डोकं चालवू नका, आम्ही बघतो. पण इथे ‘ऑटो’ फक्त कोअर मोजतं. शेजारच्या पर्यायात काय लिहिलं आहे ते विचारात घेत नाही. तेव्हा ज्यानं ‘कोअर्स’ ला हातच लावला नाही आणि मॅक्स-जॉब्सपुढे ‘ऑटो’ लिहिलं, तो २४ कोअरच्या संगणकावर थेट तक्त्याच्या शेवटच्या ओळीत जाऊन बसतो. निक्सओएस या संपूर्ण लिनक्स वितरणात तर मुळातली मांडणीच अशी आहे: मॅक्स-जॉब्स ऑटो, कोअर्स शून्य. एरवी त्रास होत नाही, कारण बहुतेक पॅकेजं तयार मिळतात आणि बिल्ड करण्यासारखं फार काही उरतच नाही. त्रास होतो तो नेमका भरपूर बिल्ड करायची वेळ येते तेव्हा.

आणि होतं तरी काय? कोअरपेक्षा प्रक्रिया जास्त झाल्या की प्रोसेसर एकीला थोडा वेळ देतो, मग तिला बाजूला ठेवून दुसरीला घेतो. या अदलाबदलीत वेळ जातो, जवळच्या कॅशेमध्ये आणून ठेवलेला डेटा वाया जातो आणि काम मंदावतं. पण मंदावण्यानं कुणी मरत नाही. मरतात प्रक्रिया, आणि त्या मेमरीअभावी मरतात. सी++ मधली एखादी जड फाइल कंपाइल करताना कंपायलर एक-दीड जीबी मेमरी सहज घेऊ शकतो. सगळ्या फाइली अशा नसतात. पण ५७६ प्रक्रियांना प्रत्येकी अर्धा जीबी धरला तरी २८८ जीबी होतात, आणि एवढी मेमरी घरच्या संगणकात नसते. मग लिनक्सचा कर्नल पुढे होतो, त्याला जी प्रक्रिया योग्य बळी वाटते तिला मारून टाकतो आणि मेमरी मोकळी करतो. पडद्यावर दिसतं ते इतकंच: जीसीसी हा कंपायलर सांगतो की सीसी-वन-प्लस नावाचा प्रोग्रॅम सिग्नल येऊन मारला गेला.

हा संदेश वाचणाऱ्याच्या जागी क्षणभर जाऊन पाहा. त्यात मेमरीचा उल्लेख नाही, कोअरचा नाही, मॅक्स-जॉब्सचा तर नाहीच. दिसतं ते कंपायलरच्या भागाचं नाव. मग तो कंपायलरमधला दोष शोधायला लागतो, कंपायलरची आवृत्ती बदलून बघतो, पॅकेजच्या मागच्या आवृत्तीवर जातो. पुन्हा बिल्ड केलं की कधी चुकून यशही येतं, कारण या खेपेला दोन जड फाइली एकाच वेळी आल्या नाहीत. म्हणजे दोष आहे की नाही हेही नक्की होत नाही. दोन आकड्यांच्या गुणाकाराबद्दल एक वाक्य योग्य जागी नसल्यामुळे माणूस किती दूर भरकटू शकतो, त्याचं हे उदाहरण.

जेंटूच्या हँडबुकनं या बाबतीत निक्सच्या तक्त्यावर मात केली आहे असं माझं मत. तिथे समांतर कामांची संख्या किती ठेवावी हे सांगताना दर कामामागे निदान २ जीबी मेमरी असावी असं सरळ लिहिलेलं आहे. सहा कामं चालवायची तर निदान १२ जीबी. नियम ढोबळ आहे. पण वाचणाऱ्याला ज्या गोष्टीचा विचार करायचं सुचलंच नसतं तिच्याकडे तो बोट दाखवतो. निक्सच्या तक्त्यात कोअर आहेत, प्रक्रिया आहेत, मेमरीचा रकाना मात्र नाही. तो घालायचा तर संगणकात कोअरबरोबर मेमरीही गृहीत धरावी लागली असती आणि तक्ता थोडा विस्कटला असता. विस्कटलेला चालला असता.

अक्षरांचाही घोळ आहे. बिल्डच्या जगात सगळ्यांचा आजोबा म्हणजे ‘मेक’ हा प्रोग्रॅम. स्टुअर्ट फेल्डमननं बेल लॅब्जमध्ये १९७६ साली तो लिहिला. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ग्नू मेकमध्ये ‘जे’ या अक्षराचा पर्याय एकाच प्रोग्रॅमच्या बिल्डमध्ये किती कामं समांतर चालवायची ते सांगतो. (त्या ‘जे’ पुढे आकडा लिहायचा विसरलात तर मेक मर्यादाच पाळत नाही.) म्हणजे हा ‘जे’ निक्सच्या ‘कोअर्स’ चा भाऊ. पण निक्सच्या आज्ञेत ‘जे’ हे अक्षर ‘मॅक्स-जॉब्स’ चं लघुरूप आहे! मेकची सवय असलेला माणूस निक्सकडे येतो, हाताच्या सवयीनं ‘जे’ आणि आठ लिहितो आणि समजतो की आपण या पॅकेजला आठ कोअर दिले. खरं तर त्यानं एका वेळी आठ पॅकेजं सुरू करायची परवानगी दिलेली असते. जेंटूमध्येही ‘इमर्ज’ या आज्ञेपुढचा ‘जे’ म्हणजे पॅकेजांची संख्या, आणि ‘मेकऑप्ट्स’ या सेटिंगमध्ये लिहिलेला ‘जे’ म्हणजे पॅकेजच्या आतल्या कामांची. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं असतात तसं हे नाही. हे एकाच घरात आहे. गीक्सनं इथे शहाणपणा केला. तिथे कोअर्ससाठी ‘सी’ आणि मॅक्स-जॉब्ससाठी कॅपिटल ‘एम’. त्यामुळे निदान मेकच्या सवयीशी टक्कर होत नाही.

समजा, आकडे बरोबर टाकले. तरी पुढचा प्रश्न उरतोच: ते मानतं कोण?

‘मॅक्स-जॉब्स’ पाळणं निक्सच्या स्वतःच्या हातात आहे, कारण पॅकेजं सुरू करणारं तेच. ‘कोअर्स’ चं तसं नाही. निक्स फक्त ‘निक्स-बिल्ड-कोअर्स’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आकडा लिहून बिल्डच्या हाती देतं. पुढे तो वाचायचा की नाही हे त्या पॅकेजच्या बिल्ड स्क्रिप्टच्या मर्जीवर. तो आदेश नाही, विनंती आहे. ‘जास्तीत जास्त एवढे कोअर वापरेल’ असं वाक्य आणि ‘एवढे कोअर वापर असं सुचवलं जाईल’ असं वाक्य, यांत शब्दांचा फरक थोडा आणि अर्थाचा फार आहे. पहिलं वाक्य वाचलेला माणूस चार कोअर देऊन निर्धास्त होतो आणि मग एखादं पॅकेज यंत्रातले कोअर स्वतःच मोजून चोवीसच्या चोवीस पकडून बसतं तेव्हा निक्सला शिव्या देतो.

उलटही घडतं. निक्सच्या पॅकेजसंग्रहात साध्या मेकफाइलवर चालणारं पॅकेज मुळात समांतर बिल्ड होतच नाही. पॅकेजच्या कृतीत ‘एनेबल-पॅरलल-बिल्डिंग’ खरं आहे असं लिहिलं तरच होतं. म्हणजे तुम्ही ‘कोअर्स’ २४ ठेवा नाहीतर २४० ठेवा, ते पॅकेज एका कोअरवरच चालणार. हा कंजूषपणा सकारण आहे. मेकफाइलमध्ये कुठली फाइल कुठल्या फाइलवर अवलंबून आहे ते लिहायचं असतं. लिहिणारा एखादं नातं लिहायला विसरतो. कामं एकामागून एक चालतात तेव्हा विसरलेलं खपून जातं, कारण योगायोगानं आधीची फाइल आधीच तयार झालेली असते. समांतर चालवलं की कधी दुसरं काम पहिल्याच्या पुढे पळतं आणि अजून न बनलेली फाइल मागतं. शंभरातून एखाद्या वेळी फसणारा बिल्ड हा कायम फसणाऱ्या बिल्डपेक्षा छळवादी असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ग्नू मेक ४.४ मध्ये यावर एक मस्त उपाय आला: ‘शफल’ नावाचा पर्याय. तो कामांचा क्रम मुद्दाम पिसून टाकतो, म्हणजे विसरलेली नाती लवकर उघडी पडतात.

आणि सगळे कोअर मिळाले तरी वेग त्या प्रमाणात वाढत नाही, हेही कुठेतरी सांगायला हवं. जीन ऍम्डालनं १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा साधा आहे: कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो तो शेवटी आडवा येतो. दहा टक्के काम असं असेल तर २४ कोअरवर वेग साधारण सव्वासातपट होतो आणि कोअर कितीही वाढवले तरी दहापटीच्या पुढे जात नाही. जुन्या धाटणीच्या पॅकेजमध्ये ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट आधी चालते, आपल्या संगणकात कुठली लायब्ररी आहे, कुठलं फंक्शन आहे, हे एकेक करून तपासत. ती एका कोअरवर चालते. बाकीचे तेवीस बघत बसतात. म्हणून छोटी-छोटी पुष्कळ पॅकेजं बिल्ड करायची असतील तर मॅक्स-जॉब्स वाढवणं फायद्याचं, आणि एकच अवाढव्य पॅकेज असेल तर कोअर्स. निक्सच्या मॅन्युअलमध्ये हे गर्भित आहे. उघड असतं तर बरं झालं असतं.

इथवर जे पाहिलं ते बिल्ड कसा चालवायचा याचे पर्याय. बिल्डमधून काय बाहेर पडावं हे ठरवणारे पर्याय निराळे, आणि त्यांच्या डॉक्युमेंटेशनचं दुखणंही निराळं. जेंटूमध्ये त्यांना ‘यूज फ्लॅग’ म्हणतात. प्रोग्रॅममध्ये छपाईची सोय हवी का, ध्वनीची हवी का, अमुक लायब्ररी जोडायची का, हे पॅकेज बिल्ड करण्याआधी ठरवायचं. फ्लॅगची संख्या भरपूर, आणि वर्षानुवर्षं कित्येक वर्णनं एकाच साच्याची: फ्लॅगचं नाव जे असेल त्याचा ‘सपोर्ट जोडतो’. ग्नोम फ्लॅग ग्नोमचा सपोर्ट जोडतो. हे वाक्य खोटं नाही. पण ग्नोम हे नाव ज्याला कळतं त्याला वाक्याची गरज नाही आणि ज्याला कळत नाही त्याला वाक्याचा उपयोग नाही. एकच सामायिक फ्लॅग वीस पॅकेजांत वीस वेगळ्या गोष्टी करतो. कुठे एक बटण वाढतं, कुठे डझनभर लायब्रऱ्या येऊन पडतात. २००८ साली जेंटूच्या ५६ क्रमांकाच्या सुधारणा-प्रस्तावानं वाट काढली: प्रत्येक पॅकेजच्या मेटाडेटा फाइलमध्ये, त्या पॅकेजपुरतं, हा फ्लॅग इथे नेमकं काय करतो ते लिहिता येऊ लागलं. सोय झाली. ती सगळ्यांनी सारखी वापरली असं मात्र म्हणता येणार नाही.

जेंटूच्या सामायिक यादीतली दोन वर्णनं मात्र मला आवडतात. ‘डीबग’ हा फ्लॅग पाहिला की कुणालाही वाटेल, प्रोग्रॅम कोसळला तर कुठल्या ओळीवर कोसळला हे यानं कळेल. वर्णन सांगतं की हा फ्लॅग जादा तपासण्या आणि जादा संदेश चालू करतो. कोसळण्याचा अर्थपूर्ण माग हवा असेल तर त्याची माहिती दुसरीकडे आहे, तिथे जा. ‘डॉक’ चं वर्णन सांगतं की यानं जादा डॉक्युमेंटेशन मिळतं, पण हा सरसकट सगळीकडे चालू करण्यापेक्षा हव्या त्या पॅकेजपुरताच करावा. पहिल्या वर्णनानं वाचकाच्या मनातला चुकीचा अंदाज आधीच ओळखला, दुसऱ्यानं त्याचा पुढचा हात ओळखला. पर्याय काय करत नाही हे सांगणारं वाक्य लिहायला ज्ञान कमी आणि अनुभव जास्त लागतो. तोच प्रश्न दहादा ऐकलेल्या माणसालाच ते सुचतं.

नावांमुळेही घात होतो. डेबियनमध्ये ‘नोचेक’ हा शब्द दोन जागी लिहिता येतो. ‘बिल्ड ऑप्शन्स’ मध्ये लिहिला तर अर्थ: चाचण्या चालवू नका. ‘बिल्ड प्रोफाइल्स’ मध्ये लिहिला तर अर्थ: चाचण्यांसाठी लागणारी पॅकेजं आणूच नका. दुसरं करायचं तर पहिलंही करावं लागतं, नाहीतर चाचण्या सुरू होतील आणि त्यांना लागणारं सामान जागेवर नसेल. म्हणून प्रोफाइल लावणाऱ्यानं तोच शब्द ऑप्शन्समध्येही घालावा असा नियम लिहून ठेवलेला आहे. निक्समध्येही ‘डू-चेक’ म्हणजे पॅकेजच्या चाचण्या चालवा, पण आज्ञेपुढे लिहिलेला ‘चेक’ चाचण्यांशी संबंधच ठेवत नाही. तो आधी बिल्ड झालेलं पॅकेज पुन्हा बिल्ड करतो आणि दोन्ही तंतोतंत सारखी आहेत का ते ताडून पाहतो. आधी बिल्ड झालेलंच नसेल तर तक्रार करून थांबतो. चाचण्या चालतील या आशेनं तो लिहिणारा बुचकळ्यात पडतो, यात त्याचा काय दोष?

मॅकवर चालणाऱ्या होमब्रूनं या सगळ्या कटकटीतून अंग काढून घेतलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये होमब्रू २.० आलं तेव्हा त्यांच्या मुख्य संग्रहातल्या पॅकेजांचे बिल्डचे पर्याय काढून टाकलेले होते. हिशेब उघड आहे: पॅकेजला दहा चालू-बंद पर्याय असले की त्याची १,०२४ रूपं होतात, आणि एवढी रूपं तपासून बघणं कुणालाही शक्य नाही. जे तपासलं नाही त्याच्याबद्दल मॅन्युअलमध्ये खात्रीनं लिहायचं तरी काय? ज्यांना पर्याय हवेच होते ते आपापले वेगळे संग्रह काढून बसले. मला होमब्रूचा निर्णय पटतो, पण निक्स आणि जेंटूला तो घेता येणार नाही, कारण निवड देणं हीच त्यांची ओळख आहे. त्यांना लिहावंच लागेल.

तर ‘कोअर्स’ ची नोंद माझ्या हाती दिली असती तर मी ती अशी लिहिली असती:

कोअर्स. एका पॅकेजच्या बिल्डनं किती कोअर वापरावेत याची सूचना. निक्स ही सूचना पोचवतं, पाळणं पॅकेजच्या हातात आहे. काही पॅकेजं ती वाचत नाहीत आणि एकाच कोअरवर चालतात, काही मिळतील तेवढे कोअर घेतात. शून्य म्हणजे संगणकात असतील तेवढे सगळे. (मॅक्स-जॉब्समध्ये शून्याचा अर्थ याच्या उलट आहे.) एकूण भार म्हणजे या आकड्याला मॅक्स-जॉब्सनं गुणून येणारा आकडा, तो आपल्या संगणकातल्या कोअरच्या आसपास ठेवा, आणि त्यातल्या प्रत्येक प्रक्रियेमागे साधारण २ जीबी मेमरी आहे का ते पाहा. बिल्डच्या मध्येच कंपायलर ‘मारला गेला’ असा संदेश आला तर आधी हे दोन आकडे कमी करून बघा. मेकमधला ‘जे’ म्हणजे हा पर्याय. निक्समधला ‘जे’ म्हणजे मॅक्स-जॉब्स. हा आकडा पॅकेजच्या हॅशमध्ये धरला जात नाही, त्यामुळे तो बदलल्यानं तयार होणारं पॅकेज बदलता कामा नये. बदललं तर तो त्या पॅकेजमधला दोष आहे, कळवा.